राउटरवर लाकडी नेमप्लेट कोरायची तर: फळी निवडण्यापासून भिंतीवर बसवेपर्यंत

बिघडलेली पाटी हातात आली की मी सगळ्यात आधी शिरोरेषा मोजतो. डाव्या टोकाला सहा मिलिमीटर, उजव्या टोकाला साडेचार. आणणारा सांगतो, मशीनचं सेटिंग गेलंय. बहुतेक वेळा मशीन ठीक असतं. फळी ओली होती, वाकडी होती, किंवा अक्षरं न जोडताच फाइल दिलेली होती. बटण दाबायच्या आधीच पाटी बिघडलेली असते.

राउटर (संगणकावरच्या फाइलनुसार कोरणारं मशीन) नवा घेतलेले बरेच जण त्याच त्या चुका करताना दिसतात, म्हणून हा लेख क्रमानं लिहिला आहे. उदाहरणाला घराची एक साधी पाटी घेऊ: दीड फूट बाय आठ इंच, जाडी २० मिलिमीटर, एका बाजूला छोटा गणपती आणि शेजारी आडनाव. मशीन दीड किंवा सव्वादोन किलोवॉट स्पिंडलचं (बिट, म्हणजे कापणारं पातं, फिरवणारी मोटर), लहान बेडचं (फळी बसवायचा पाट) धरलं आहे.

## १. फळी: जात आणि ओल

सागवान या कामाला उत्तम. अक्षराची कड धारदार येते आणि पावसात टिकतो. फक्त सागात सिलिका असते, त्यामुळे बिटाची धार लवकर जाते. शिवण मऊ आणि एकसारखी, उठावाच्या चित्राला माझी पहिली पसंती तिलाच. आंब्याची फळी स्वस्त पडते, पण तिला तूस (उभे राहिलेले तंतू) फार येतं आणि ओल राहिली तर बुरशीचे काळे-निळे डाग पडतात. फणसाचा पिवळा रंग छान दिसतो, मात्र उन्हात तो पुढे तपकिरी होतो. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगून ठेवा. एमडीएफ घराच्या आत चालेल. बाहेरच्या दारावर लावला तर पहिल्याच पावसाळ्यात कडा फुगतात.

फळीत मधोमध गाठ नको, टोकाला चीर नको. सागाची कडेची पांढरट पट्टी टाळा, कीड आधी तिथेच लागते. वखारीतून पावती मागून घ्या.

आता ओल. इथे आपल्या बेळगाव भागाची अडचण वेगळी आहे. जुलैत खानापूर-जांबोटीकडे हवा इतकी दमट असते की शेडमध्ये ठेवलेलं लाकूड १६ ते १८ टक्क्यांवर जाऊन बसतं. तेच लाकूड मार्च-एप्रिलमध्ये अथणी-चिकोडीच्या कोरड्या हवेत ८ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे खानापुरात पावसाळ्यात कोरलेली पाटी अथणीतल्या घरी टांगली तर ती आक्रसणारच. आठ इंच रुंद सागाच्या फळीत हा फरक तीन मिलिमीटरपर्यंत जातो. त्यात फळी एकाच बाजूनं वाळली तर पन्हाळीसारखी वाकते.

पाटी १० ते १२ टक्के ओलीवर कोरावी. मॉइश्चर मीटर फळीच्या वरच्या पृष्ठावर टोचून उपयोग नाही. टोकाचा दोन इंच तुकडा कापा आणि ताज्या कापावर टोचा. मीटर नसेल तर घरातला वजनकाटा घ्या. फळी रोज एकाच वेळी तोला. सलग पाच दिवस वजन हललं नाही, तर ती तुमच्या शेडच्या हवेशी जुळली असं समजा. पावसाळ्यात ही शेडची हवाच दमट असते, म्हणून त्या दिवसांत फळ्या कोरड्या खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, पंख्याखाली रचाव्या लागतात. भिंतीला टेकवून उभी ठेवलेली फळी वाकते.

तपासा: फळी दोन्ही टोकांना चाळीस-पन्नास मिलिमीटर जास्त लांब ठेवली आहे ना? स्क्रू तिथेच मारायचे आहेत. नेमक्या मापाची फळी आणली की क्लॅम्पला जागा उरत नाही.

## २. सपाटी

इंग्रजी व्ही आकाराच्या बिटानं अक्षर कोरताना रेषेची जाडी ठरते खोलीवरून. बिट जितकं खाली जाईल तितकी रेघ रुंद. ९० अंशांच्या बिटाला फळी कुठे अर्धा मिलिमीटर खाली असेल, तर तिथली रेघ एक पूर्ण मिलिमीटर बारीक होते. ६० अंशांच्या बिटाला साधारण ०.६ मिलिमीटर. अर्धा मिलिमीटर डोळ्यांना फळीवर दिसत नाही, पण शिरोरेषेवर लांबून दिसतो. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यात हा दोष लपतो. आपल्या लिपीत अठरा इंचांची सरळ रेघ वर असते, ती लपू देत नाही.

आधी फळीची खालची बाजू रंधून घ्या. घरच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथी ठेवून चारही कोपरे दाबा. डुगडुगली तर परत रंधा. मग ती बाजू खाली करून बेडवर बसवा आणि वरची बाजू मशीनवरच २२ ते २५ मिलिमीटरच्या सरफेसिंग (पृष्ठ सपाट करायच्या) बिटानं घ्या. एका फेरीत अर्धा मिलिमीटर. आधी पूर्ण फळीवर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा मारून ठेवा. शेवटची पेन्सिल रेघ जाईपर्यंत फेऱ्या चालू द्या.

यानंतर काम संपेपर्यंत फळी बेडवरून हलवायची नाही. "पाटी घासून आणतो आणि परत लावतो" इथेच घात होतो. परत लावलेली फळी पुन्हा तशीच बसत नाही.

सावध: वाकलेली फळी क्लॅम्पनं आवळून सपाट करू नका. आवळलेली असताना सगळं सुरेख कोरलं जाईल आणि क्लॅम्प सोडला की फळी परत वाकेल. पोकळी असेल तिथे पातळ पाचर घाला, मगच आवळा.

## ३. अक्षर

इथे जरा जास्त थांबतो, कारण निम्म्या पाट्या इथेच जातात.

कोरीवकामाच्या बऱ्याच सॉफ्टवेअरला देवनागरी नीट जुळवता येत नाही. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे न येता अक्षराच्या उजवीकडे जाते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसतं. म्हणून तिथे टाइप करूच नका. इंकस्केप किंवा कोरलड्रॉमध्ये युनिकोड फाँटनं लिहा आणि बाह्यरेषा करूनच पुढे न्या. कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं ऑब्जेक्ट टू पाथ. जुन्या नॉन-युनिकोड फाँटची फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी चिन्हं दिसतात, हे डीटीपीवाल्यांना माहीत आहे. कन्नडच्या जुन्या नुडी फाँटचंही तेच. ज्या संगणकावर मजकूर बरोबर दिसतो तिथेच बाह्यरेषा करून घ्या.

मग वेल्ड, म्हणजे एकमेकांवर आलेले आकार जोडून एक करणं. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते, म्हणून पडद्यावर ती अखंड दिसते. मशीनला मात्र तिथे दोन आकार एकमेकांवर आलेले दिसतात. मग जिथे ते चढतात तिथला चिंचोळा भाग न कोरता सुटतो, किंवा प्रत्येक सांध्याशी बिट वर येऊन कोपरा काढतं. शिरोरेषेत दर अक्षरागणिक एक खाच दिसली की समजायचं, वेल्ड राहिलंय. काना, मात्रा, वेलांटी, रफार सगळं त्यात आलं. कोरलमध्ये सगळं निवडून वेल्ड करा. इंकस्केपमध्ये आधी ग्रुप फोडा, मग युनियन.

वेल्ड झाल्यावर फक्त बाह्यरेषा दिसेल असं दृश्य लावा आणि एकेक अक्षर मोठं करून बघा. शिरोरेषेच्या आत एकही आडवी-उभी रेघ दिसता कामा नये.

आता एक नाव घेऊन बघा: येळ्ळूरकर. राजहंसगडाच्या पायथ्याच्या गावावरून आलेलं, आपल्याकडे दारोदार दिसणारं आडनाव. यात ळ्ळ आहे. कित्येक फाँटना हे जोडाक्षर येतच नाही. कुणी पहिल्या ळ चा पाय मोडतो, कुणी दोन ळ एकाखाली एक इतके गच्च बसवतो की आतली भोकं एक मिलिमीटरची होतात. त्या भोकात उरलेल्या लाकडाला ताकद नसते. दोन बाजूंचे उतार वर अगदी जवळ येतात आणि मधली लाकडाची कणी उडून जाते. मी स्वतः हे आडनाव पहिल्यांदा कोरलं तेव्हा ळ्ळ च्या जागी नुसता खड्डा झाला होता. फळी सागाची होती आणि चूक माझीच होती, कारण मी जोडाक्षर पडद्यावर मोठं करून पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून नियम केला: अक्षराच्या दोन रेघांमधली कोणतीही लाकडी जागा दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर फाँट बदलायचा, नाहीतर अक्षर मोठं करायचं. ळ, क्ष, ज्ञ, ह्म, ऱ्ह ही अक्षरं आधी तपासा.

फाँट निवडताना ल आणि श सुद्धा पाहा. अनेक फाँटमध्ये मुळात हिंदी वळणाचा दंडाचा ल आणि गाठीचा श असतो. मराठी दाराला पाकळीचा ल आणि देठाचा श शोभतो. काही फाँटमध्ये भाषा मराठी निवडली की ही वळणं आपोआप येतात.

पाटी दोन लिप्यांत असेल तर कन्नडची ओळ जास्त उंचीची धरा. कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग खाली लटकतो आणि तो पुढच्या ओळीच्या मराठी रफारावर, अनुस्वारावर आदळतो. दोन ओळींत अक्षराच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त मोकळी जागा सोडा. दुकान, हॉटेल अशा व्यावसायिक फलकावर कर्नाटकात ६० टक्के भाग कन्नडचा आणि तो वरच्या बाजूला लागतो. तशी पाटी असेल तर मांडणीच त्या हिशोबानं सुरू करा. नंतर जागा काढत बसायची वेळ येऊ नये. आणि कन्नड मजकूर कन्नड वाचणाऱ्याकडून वाचून घेतल्याशिवाय फाइल पुढे नेऊ नका.

तपासा: फाइलमध्ये एक १०० मिलिमीटरचा चौकोन काढून ठेवा. एसव्हीजी किंवा डीएक्सएफ प्रकारची ती फाइल कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर तो १०० च भरतो का ते मोजा. मग अक्षरं खऱ्या मापात कागदावर छापून गिऱ्हाइकाला द्या आणि त्यावर सही घ्या. ऱ्हस्व-दीर्घाचा वाद लाकडावर सुटत नाही.

## ४. बिट आणि खोली

९० अंशांच्या बिटानं खोली होते रेषेच्या रुंदीच्या निम्मी. ६० अंशांच्या बिटानं रुंदीच्या साधारण ०.८७ पट. रेघ १० मिलिमीटरची असेल तर अनुक्रमे ५ आणि ८.७. आता मोठ्या जाड अक्षराची रेघ ३० मिलिमीटर धरा: ६० अंशांचं बिट २६ मिलिमीटर खाली जायला बघेल आणि तुमची फळी आहे २० ची. बिट बेडमध्ये घुसतं ते असं. जाड अक्षराला खोलीची मर्यादा घाला, सहा-सात मिलिमीटर पुरे. तळ सपाट बिटानं साफ करायचा.

बारीक रेघेला ६० अंश चांगलं, सावली खोल पडते. रुंद अक्षराला ९०.

स्वस्त व्ही-बिटावर छापलेला कोन खरा असेलच असं नाही. टाकाऊ तुकड्यावर पाच मिलिमीटर खोल एक सरळ रेघ मारा. ९० अंशांच्या बिटाची रेघ १० मिलिमीटर भरली पाहिजे. नाही भरली तर खरा कोन काढून सॉफ्टवेअरमध्ये तोच घाला.

कॉलेटची, म्हणजे बिट धरणाऱ्या पकडीची, चूक तर रोजची. ६ मिलिमीटरचा दांडा आणि पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ चा, हे दोन वेगळे कॉलेट आहेत. ६ चं बिट पाव इंचाच्या कॉलेटमध्ये आवळलं जातं, पण धरलं जात नाही. चालू कामात ते हळूहळू खाली सरकतं आणि अक्षर शेवटाकडे खोल होत जातं.

सागासाठी माझे आकडे: दोन धारांचं ६ मिलिमीटर बिट, १८,००० आरपीएम (मिनिटाला फेरे), फीड (बिट पुढे सरकायचा वेग) मिनिटाला २४०० मिलिमीटर, एका फेरीत ३ मिलिमीटर खोली. व्ही-बिट त्याच आरपीएमवर १५०० ते २०००. भीतीपोटी फीड ६०० वर आणू नका. एवढ्या कमी फीडला बिट लाकूड कापत नाही, घासतं. मग करपल्याचा वास येतो, कड काळी पडते आणि बिट जातं. भुसा पिठासारखा बारीक पडत असेल तर फीड वाढवा, जाडसर कीस पडायला हवा.

## ५. झिरो

एक्स-वाय झिरो, म्हणजे मशीन लांबी-रुंदी जिथून मोजतं तो बिंदू, एकदाच घ्या आणि तिथे, वाया जाणाऱ्या भागात, दोन मिलिमीटरचं बारीक भोक पाडून ठेवा. वीज गेली, मशीन विसरलं, तरी त्या भोकावर परत येता येतं.

झेड झिरो (खोली जिथून मोजायची ती पातळी) सरफेसिंग झाल्यावरच, फळीच्या वरच्या पृष्ठावर. सरफेसिंगच्या आधीचा झिरो आता हवेत आहे. प्रत्येक बिट बदलल्यावर झेड परत घ्यायचा, आणि तो त्याच एका ठिकाणी. टच प्लेट (झेड घ्यायला बिटाखाली ठेवायची पट्टी) वापरत असाल तर तिची जाडी कॅलिपरनं मोजून घाला, सोबतच्या कागदावर लिहिलेली धरू नका.

तपासा: स्पिंडल बंद ठेवून, झेड सगळ्यात खोल कापापेक्षा जास्त वर घेऊन पूर्ण फाइल एकदा हवेत चालवून बघा. क्लॅम्पवर बिट जातंय का, हे आत्ताच कळेल.

## ६. टूलपाथचा, म्हणजे बिटाच्या वाटांचा, क्रम

१. गणपतीचा कच्चा आकार, ६ मिलिमीटर बिटानं, अर्धा मिलिमीटर शिल्लक ठेवून.
२. त्याचंच बारीक काम, निमुळत्या गोल टोकाच्या बिटानं.
३. अक्षरं.
४. मागून टांगायची भोकं पुढून पाडणार असाल तर ती.
५. बाहेरचा आकार, सगळ्यात शेवटी, टॅब (पाटी फळीला धरून ठेवणारे न कापलेले तुकडे) ठेवून.

बाहेरचा आकार आधी कापला की फळी सैल होते आणि नंतरचं अक्षर थरथरतं. टॅब सहा-आठ मिलिमीटर रुंद आणि तीन मिलिमीटर जाड ठेवा, टोकांच्या बाजूला कमीत कमी. तिथे पटाशीनं तोडताना लाकडाच्या रेषेबरोबर कपचा निघतो, म्हणून तोडू नका, करवतीनं कापा.

उठावाच्या कामाला वेळ किती लागतो ते आधी काढा. १२० बाय १५० मिलिमीटरचा गणपती, दोन ओळींतलं अंतर ०.२ मिलिमीटर: ६०० ओळी, प्रत्येकी १५० मिलिमीटर, म्हणजे ९० मीटर. फीड २००० धरला तर पाऊण तास, आणि वळणावर मशीन मंद होतं म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. अंतर ०.१ केलंत तर वेळ दुप्पट. सागावर तो फरक पॉलिशनंतर दिसतही नाही. ओळी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं घ्या, तूस कमी येतं.

अक्षरं उठावाची हवी असतील, म्हणजे भोवतालचं लाकूड काढून, तर अनुस्वाराची काळजी घ्या. तो एकटा उभा राहिलेला छोटा खुंट असतो, त्याच्या बुडाला लाकडाच्या रेषेची ताकद नसते आणि ब्रश लागला तरी उडतो. व्यास आठ मिलिमीटरपेक्षा कमी नको, उंची तीनपेक्षा जास्त नको. कोरण्याआधी त्या जागी पातळ सुपरग्लू जिरवलं तर आणखी बरं.

## ७. मशीन चालू असताना

मशीन सोडून चहाला जाऊ नका. बोथट बिट आणि साचलेला भुसा यांनी आग लागते. सागाचा भुसा अंगाला खाजतो, घशाला लागतो. एन-९५ मास्क आणि कानाला मफ लावाच. हातमोजे मात्र फिरत्या स्पिंडलजवळ नकोत.

पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. कंट्रोलरला यूपीएस लावला तरी स्पिंडल थांबणारच. वीज गेली तर पहिलं काम: स्विच बंद, म्हणजे वीज आल्यावर मशीन स्वतःहून हलणार नाही. बिट लाकडात रुतलेलं असेल तर आधी झेड वर घ्या, बाजूला ओढू नका. मग होम (मशीन मूळ जागी नेणं), मग त्या दोन मिलिमीटरच्या भोकावर खात्री, आणि मग थांबलेल्या जागेच्या थोडं मागून सुरुवात. डीएसपी (हातात धरायच्या) कंट्रोलरला ब्रेकपॉइंटची, म्हणजे थांबल्या जागेपासून पुन्हा सुरू करायची, सोय असते. ती टाकाऊ फळीवर एकदा वापरून शिकून ठेवा.

## ८. रंग आणि पॉलिश

सगळ्यात जास्त केली जाणारी चूक: कोरल्या कोरल्या अक्षरात रंग भरणं. कच्च्या लाकडाच्या नळ्या रंग ओढून घेतात आणि काळा रंग लाकडाच्या रेषेबरोबर बाहेर पसरतो. मग कितीही घासा, जात नाही.

क्रम असा: खाचेतला भुसा नायलॉनच्या ब्रशनं काढा. पूर्ण पाटीला, खाचांसकट, सीलरचे दोन हात द्या. सुकल्यावर अक्षरात रंग भरा, बाहेर आला तरी घाबरू नका. रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी सपाट लाकडी ठोकळ्याला १८० चा काच पेपर गुंडाळून वरचं पृष्ठ घासा, मग २२० चा. सांडलेला रंग सीलरबरोबर निघून जातो आणि अक्षराची कड सुरीसारखी उमटते. बोटानं घासलंत तर कड गोल होईल. मग वरचं पॉलिश.

फळीवर विनाइल चिकटवून त्यातून कोरायची आणि रंग भरायची पद्धत जलद आहे, पण दमट दिवसांत विनाइल कडेला सुटतं आणि रंग आत शिरतो. जून ते सप्टेंबर मी ती वापरत नाही. त्याच दिवसांत लॅकर मारला तर पांढुरकी झाक येते. दुपारी, पाऊस उघडल्यावर मारा.

पाटीच्या पाठीलाही पुढच्याइतकेच हात द्या. पाठ कोरी सोडली तर भिंतीची ओल फक्त मागून शिरते आणि पाटी मागच्या बाजूनं फुगून वाकते.

## ९. भिंतीवर

जांभ्याच्या चिऱ्यात साधा प्लग सैल होतो. चिरा सच्छिद्र असतो, ड्रिल हॅमरवर चालवलं की भोक मोठं होतं. हॅमर बंद करून पाडा, लांब प्लग वापरा, आणि शक्य असेल तर चिऱ्याच्या मधोमध, सांध्यात नको.

पाटीच्या मागे चारही कोपऱ्यांना पाच मिलिमीटरचे रबराचे तुकडे लावा, मागून हवा खेळली पाहिजे. एका स्क्रूचं भोक नेमकं गोल ठेवा आणि बाकीची लाकडाच्या रुंदीच्या दिशेनं तीन-चार मिलिमीटर लांबट करा. पावसाळ्यात फळी फुगेल, उन्हाळ्यात आक्रसेल, तिला सरकायला तेवढी जागा लागते. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. लोखंडी स्क्रू सागात काळा ओघळ सोडतो आणि तो थेट अक्षरावरून खाली येतो.